शर्यत संपल्यावर: आधी शरीर, मग मन, शेवटी हिशेब

पावसाळा ओसरू लागतो तशा शालेय मैदानी स्पर्धा रंगात येतात. आधी तालुका, मग जिल्हा, विभाग आणि राज्य. कोणत्याही मैदानावर अंतिम रेषेच्या पलीकडची वीस पावलं नीट पाहा. एक मुलगी गुडघ्यांत डोकं घालून हुंदके देत असते. एक मुलगा स्पाइक्स काढून भिरकावतो. एखादा कुणाशी काही न बोलता कुंपणापाशी पाठ फिरवून उभा राहतो. आणि त्यांच्याकडे धावत आलेली मोठी माणसं बहुतेक वेळा एकच प्रश्न विचारतात, "शेवटच्या लॅपला का सोडलंस?"

मुलांची ही तडफड खरी असते. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलालाही माहीत असतं की राज्यापर्यंत मजल मारली तर दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळू शकतात आणि पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के जागा असतात. पहाटे आई त्याच्यासोबत उठलेली असते, बुटांसाठी वडिलांनी पैसे बाजूला काढलेले असतात. त्यात शरीराची भर पडते. जीव तोडून पळाल्यावर रक्तात ॲड्रेनलिन उसळलेलं असतं, काळीज धडधडत असतं, पोट रिकामं असतं, अंगातलं पाणी घामावाटे गेलेलं असतं. या वयात मेंदूतली भावनांची केंद्रं जोरात असतात आणि त्यांना आवर घालणारा पुढचा भाग अजून घडत असतो. तो पूर्ण परिपक्व व्हायला विशी उलटून जाते. अशा क्षणी मुलाने शांतपणे शर्यतीचं विश्लेषण करावं ही अपेक्षाच चुकीची आहे.

या लेखात दिलेल्या कृतीचा गाभा म्हणजे तिचा क्रम. आधी शरीर, मग मन, आणि शर्यतीचा हिशेब सगळ्यात शेवटी. प्रत्येक गोष्ट करायचीच आहे, पण तिच्या वेळेला. ही कृती आई-वडील, क्रीडाशिक्षक आणि प्रशिक्षक या सगळ्यांसाठी आहे. ८०० मीटरपासून क्रॉसकंट्रीपर्यंत कुठेही ती चालते.

लागणारं सामान

- पिण्याचं पाणी, आणि वेगळ्या बाटलीत लिंबू-मीठ-साखरेचं सरबत
- दोन केळी, गूळ-शेंगदाणे किंवा राजगिऱ्याचा लाडू
- कोरडा टी-शर्ट, पंचा, चपला
- उन्हाचे दिवस असतील तर थंड पाण्याचा जास्तीचा कॅन
- शर्यतीची वही आणि पेन (मैदानावर वापरायची ती फक्त लॅपचे आकडे टिपायला, तेही मोठ्या माणसाने)

पूर्वतयारी: शर्यतीच्या आदल्या दिवशी

१. भेटणारा माणूस ठरवा. शर्यत संपल्यावर मुलाजवळ सर्वांत आधी कोण जाणार हे एकाच माणसाचं नाव घेऊन ठरवा. तो माणूस शांत डोक्याचा हवा. कधी ती आई असेल, कधी सर, कधी मोठी ताई. बाकीच्यांनी दहा मिनिटं लांब थांबायचं. जागाही ठरवा, उदाहरणार्थ "पाण्याच्या टाकीजवळचं कडुलिंबाचं झाड".

२. मुलालाच विचारा. "मनासारखं झालं नाही तर तुला काय बरं वाटेल? जवळ घेऊ, की थोडा वेळ एकटं सोडू?" उत्तर लक्षात ठेवा. काही मुलांना पाठीवर हात हवा असतो, काहींना तो नकोसा होतो. वाढत्या मुलींच्या बाबतीत प्रशिक्षकाने हे आधीच विचारून ठेवणं फार आवश्यक आहे.

३. तीन उद्दिष्टं लिहा. पहिलं क्रमांकाचं: "पहिल्या तिघांत यायचं." दुसरं वेळेचं: "१५०० मीटर ४ मिनिटं ४० सेकंदांत." तिसरं कृतीचं: "पहिले ३०० मीटर ५६ सेकंदांत, त्याहून जोरात नाही." क्रमांक इतरांच्या पायांवरही अवलंबून असतो. वेळ बऱ्याच अंशी आपल्या हातात असते आणि कृती तर जवळजवळ पूर्णपणे. एकच उद्दिष्ट ठेवलं आणि ते हुकलं की मुलाच्या हातात काहीच उरत नाही. तीन ठेवली तर बहुतेक वेळा एखादं तरी साधलेलं असतं.

४. बोलण्याचा दिवस ठरवा. "शर्यतीबद्दल आपण तेरवा संध्याकाळी बोलू. त्याआधी तुला बोलावंसं वाटलं तर मी ऐकेन, पण मी विषय काढणार नाही." हे वाक्य आदल्या दिवशीच सांगितलं तर मुलाच्या डोक्यावरचं अर्धं ओझं उतरतं.

कृती

पायरी १: चालत ठेवा (पहिली दहा मिनिटं)

रेषा ओलांडल्यावर मुलं गुडघ्यांवर हात टेकून थांबतात किंवा आडवी होतात. धावताना पायांचे स्नायू आकुंचन पावत रक्त वर हृदयाकडे ढकलत असतात. अचानक थांबलं की ते रक्त पायांत साचतं, रक्तदाब उतरतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. म्हणून दंडाला आधार देऊन मुलाला सावकाश चालवा. बोलायचं ते एवढंच: "चल, माझ्याबरोबर चाल. आत्ता काही बोलायची गरज नाही." रडत असेल तर रडतच चालू द्या. चक्कर येतच असेल तर मात्र सावलीत आडवं करून पाय थोडे उंच ठेवा.

पायरी २: धोका आहे का ते बघा

ही पायरी कधीही गाळू नका. भावनेचा उद्रेक आणि शरीराचा बिघाड वरवर सारखे दिसू शकतात.

- मूल असंबद्ध बोलतंय, स्वतःचं नाव किंवा जागा सांगू शकत नाही, झोकांड्या खातंय, विनाकारण अंगावर येतंय आणि अंग तापलेलं आहे: हा उष्माघात असू शकतो. घाम येत असला तरीही. लगेच सावलीत न्या, अंगावर भरपूर थंड पाणी ओता, ओल्या कापडाने झाकून वारा घाला आणि १०८ ला फोन लावा. रुग्णवाहिकेची वाट पाहत बसू नका, अंग थंड करणं त्याच मिनिटाला सुरू करा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नका.
- छातीत दुखतंय, धावता धावता शुद्ध गेली, किंवा श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येतोय: डॉक्टरांना दाखवल्याशिवाय घरी नेऊ नका. दमा असलेल्या मुलाचा पंप भेटणाऱ्या माणसाच्या खिशातच हवा.
- हुंदक्यांमुळे श्वास फार जलद झालाय, बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतायत: बहुतेक वेळा हे जलद श्वासामुळे होतं. तोंडावर पिशवी धरू नका. समोर बसा आणि तुमच्या श्वासाबरोबर त्याचा श्वास हळूहळू लांबवा. काही मिनिटांत उतार पडला नाही तर डॉक्टर.

पायरी ३: पाणी, सावली, खाऊ (दहा ते तीस मिनिटं)

सावलीत बसवा. ओला टी-शर्ट बदलायला द्या. पाणी घोट-घोट पाजा, एका दमात बाटली रिकामी करायला लावू नका. मळमळ थांबली की सरबत, मग केळं किंवा गूळ-शेंगदाणे. रिकाम्या पोटी चिडचिड वाढते हे आपण घरात रोज पाहतो. शर्यतीनंतर तर ते दुप्पट खरं असतं. कित्येक मुलांचा राग अर्ध्या केळ्यानंतर निम्म्यावर येतो, आणि मग उरतं ते खरं दुःख. त्याच्याशी बोलता येतं.

पायरी ४: भावनेला जागा द्या

आता मनाची पाळी. इथे मोठ्यांनी करायचं काम थोडं आहे, पण अवघड आहे.

- रडू द्या. "मुलगा असून रडतोस?" हे वाक्य मैदानावर उच्चारूच नका. रडण्याने लाज जात नाही. लाज वाटते ती रडताना कुणी हटकल्यामुळे.
- भावनेला नाव द्यायला मदत करा. "राग आलाय, की वाईट वाटतंय, की लाज वाटतेय?" मनातल्या भावनेला नेमकं नाव दिलं की तिचा जोर थोडा ओसरतो, हे मानसशास्त्राच्या प्रयोगांतही दिसलं आहे. मुलाने "माहीत नाही" म्हटलं तर तेही उत्तर आहे. पुन्हा विचारू नका.
- श्वास लांब सोडायला सांगा. मनात चार आकडे मोजत श्वास आत, सहा किंवा आठ मोजत बाहेर. सोडण्याचा वेळ घेण्यापेक्षा मोठा हवा, त्यानेच हृदयाची धडधड उतरते. दहा-बारा श्वास पुरतात. तोंडावर थंड पाण्याचे हबके मारणंही उपयोगी पडतं.
- खोटं सांत्वन करू नका. "चौथा नंबर पण चांगलाच आहे की" हे त्या क्षणी मुलाला फसवणुकीसारखं वाटतं. त्याऐवजी जे खरं आहे ते म्हणा: "तुला पाहिजे होतं, आणि मिळालं नाही. वाईट वाटणारच."
- फोटो काढू नका. रडणाऱ्या मुलाचा फोटो, व्हिडिओ, कुटुंबाच्या ग्रुपवर निकाल, काहीही नाही. निकाल कुणाला आणि कधी सांगायचा हे मूल ठरवेल.

प्रशिक्षकांनी मुलाशी बोलताना नेहमी चारचौघांच्या नजरेत राहील अशी जागा निवडावी. आवाज ऐकू जाणार नाही, पण माणसं दिसतील अशी.

पायरी ५: राग असेल तर त्याला वाट द्या

हरल्याचं दुःख आणि अन्याय झाल्याचा राग वेगळे असतात. कुणी कोपर मारलं, पायात पाय अडकवला, लॅप मोजण्यात चूक झाली, समोरचा मुलगा वयोगटात बसत नाही असं वाटलं, तर मूल पेटतं. "जाऊ दे" म्हणून तो राग जात नाही. आत धुमसत राहतो.

रागाला नियमाची वाट द्या. ॲथलेटिक्सच्या नियमांनुसार निकाल अधिकृतपणे जाहीर झाल्यापासून ३० मिनिटांच्या आत रेफरीकडे आक्षेप नोंदवता येतो. खेळाडू स्वतः किंवा त्याच्या वतीने जबाबदार व्यक्ती तो नोंदवू शकते. त्यावर समाधान झालं नाही तर अपील समितीकडे लेखी दाद मागता येते, तिथे अनामत रक्कम भरावी लागते. स्थानिक स्पर्धेची पद्धत सकाळीच विचारून ठेवा. आक्षेप मोठ्यांनी नोंदवायचा, आवाज न चढवता. मुलाला एवढंच विचारायचं: "काय घडलं ते घडलं त्या क्रमाने सांग."

बीड जिल्ह्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेचं उदाहरण मुलांना जरूर सांगा. २०१९ च्या दोहा जागतिक स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसच्या प्राथमिक फेरीत दुसऱ्या धावपटूमुळे त्याला अडथळा झाला. भारतीय संघाने रीतसर दाद मागितली, त्याला अंतिम फेरीत प्रवेश मिळाला आणि तिथे त्याने ८ मिनिटं २१.३७ सेकंदांचा नवा राष्ट्रीय विक्रम नोंदवला. राग खरा होता, दाद नियमाने मागितली गेली, आणि पायांतली ताकद पुढच्या शर्यतीसाठी शिल्लक राहिली.

आक्षेप फेटाळला गेला तर मुलाला सरळ सांगा: "आपण करायचं ते केलं. निर्णय आपल्या बाजूने लागला नाही." पंचांना शिव्या देणाऱ्या पालकाकडून मूल शिव्याच शिकतं.

पायरी ६: मैदान सोडण्याआधीचा शिष्टाचार

मूल सावरलं की, आणि सावरल्यावरच, त्याला दोन गोष्टी करायला लावा. ज्यांच्याबरोबर धावलं त्यांच्यापैकी एक-दोघांशी हस्तांदोलन. सरांना आणि सोबतच्या मुलांना "येतो" किंवा "येते" म्हणणं. भिरकावलेले स्पाइक्स त्याने स्वतः उचलून आणायचे. तेव्हा ओरडायचं नाही, पण त्याच्यासाठी दुसऱ्या कुणी उचलायचेही नाहीत. राग येणं मान्य आहे, वस्तू फेकणं आणि कुणाला लागेल असं बोलणं मान्य नाही. ही रेघ शांतपणे, पण ठामपणे दाखवायची ती इथेच.

पायरी ७: परतीचा रस्ता

गाडीवर मागे बसलेलं मूल, एसटीच्या खिडकीशी बसलेलं मूल, टेम्पोत मित्रांमध्ये दाटीवाटीने बसलेलं मूल: तिघांनाही पळून जायला जागा नसते. म्हणून या प्रवासात शर्यतीचा विषय मोठ्यांनी काढायचा नाही. विचारायचंच असेल तर "भूक लागलीय का? कुठे थांबूया?" एवढंच. मुलाने स्वतःहून सुरुवात केली तर ऐका, मान डोलवा, सल्ला देऊ नका. आणि एक वाक्य मनापासून म्हणा: "तुला धावताना बघायला मला आवडतं." त्यात क्रमांक नाही, अट नाही. मूल ते लक्षात ठेवतं.

पायरी ८: त्या रात्री

घरी आल्यावर अंघोळ, मग नेहमीचं जेवण. भात, वरण, भाकरी, जे घरात असेल ते. हरला म्हणून अबोला नाही, जिंकला म्हणून मेजवानीचा गाजावाजा नाही. घरातलं वातावरण निकालावर बदलत नाही हे मुलाला ताटातही दिसलं पाहिजे.

फोन त्या रात्री लवकर बाजूला ठेवायला सांगा. निकालाचे फोटो, इतरांची स्टेटस, चुलत्या-मामांचे प्रश्न यांनी जखम पुन्हा उघडते. शर्यतीच्या दिवशी झोप उशिरा लागणं साहजिक आहे, शरीर अजून तापलेलंच असतं. दिवे मंद करा, हवं तर पाय दाबून द्या. डोक्यात शर्यत पुन्हा पुन्हा फिरत असेल तर तीन ओळी कागदावर उतरवायला सांगा आणि कागद मिटून ठेवा. तो परवा उघडायचा.

पायरी ९: दुसरा दिवस

या दिवशी सराव नको. वीस-तीस मिनिटं चालणं, मित्रांबरोबर हलकं खेळणं, फार तर अगदी सावकाश धावणं. शिक्षा म्हणून मैदानाच्या फेऱ्या मारायला लावणं तर पूर्ण बंद. धावणं हीच शिक्षा झाली तर मूल धावणं कसं आवडून घेणार? शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानेही मनाई केली आहे. शाळेत जाताना मुलाला एक तयार उत्तर देऊन ठेवा, कारण सगळे विचारणारच: "पाचवी आले. पुढची तयारी चालू आहे." एवढं बोलून विषय संपवता येतो हे मुलाला शिकवावं लागतं.

पायरी १०: तिसऱ्या दिवशी हिशेब

आता वही उघडा. मूल लिहील, तुम्ही शेजारी बसाल. चार प्रश्न:

१. ठरवलेल्या तीन उद्दिष्टांपैकी काय साधलं?
२. शर्यत नेमकी कुठे बिघडली किंवा कुठे जमली?
३. त्यातलं माझ्या हातात काय होतं, काय नव्हतं?
४. पुढच्या दोन आठवड्यांत बदलायची एकच गोष्ट कोणती?

एक हिशेब करून पाहू. १५०० मीटरसाठी ४ मिनिटं ४० सेकंद ठरवले होते. म्हणजे समान गतीने पहिले ३०० मीटर ५६ सेकंदांत आणि पुढचे तीन लॅप प्रत्येकी साधारण ७५ सेकंदांत. प्रत्यक्षात नोंद अशी झाली: पहिले ३०० मीटर ५० सेकंद, मग ७३, ८० आणि ८३. एकूण ४ मिनिटं ४६ सेकंद. मैदानावर सगळ्यांना दिसला तो ८३ सेकंदांचा शेवटचा लॅप, आणि सगळ्यांनी विचारलं, "का सोडलंस?" वहीत मात्र दिसतं की मुलाने काहीच सोडलं नव्हतं. पहिले ३०० मीटर तो ठरल्यापेक्षा सहा सेकंद लवकर धावला आणि त्याची किंमत शेवटी मोजली. त्याच्या जिगरीवर शंका घेण्याचं कारणच नव्हतं. चौथ्या प्रश्नाचं उत्तर आता सोपं आहे: आठवड्यातून एकदा ३०० मीटरचे चार-पाच तुकडे, प्रत्येक ५६ सेकंदांत, मध्ये पुरेशी विश्रांती, घड्याळ न बघता गती ओळखायची.

हा शोध अंतिम रेषेवर लागला नसता. तिथे ना आकडे समोर होते, ना ऐकणारं मन जागेवर होतं.

तिसऱ्या प्रश्नावर थोडं जास्त थांबा. चौदा वर्षांखालच्या गटात एकाच वर्षी जन्मलेल्या दोन मुलांच्या शरीराच्या वाढीत दोन-तीन वर्षांचा फरक असू शकतो. ज्याला मिसरूड फुटलंय तो आज पुढे असेल, पण वाढ सगळ्यांची होते. मुलींमध्ये वयात येताना शरीराची ठेवण बदलते आणि वर्ष-दोन वर्षं टायमिंग अडकून बसू शकतं. हे नैसर्गिक आहे, आळस नाही. ऊन, वारा, खडबडीत मैदान, हीटमधले प्रतिस्पर्धी हेही "हातात नव्हतं" या रकान्यात जातात. पण त्या रकान्यात सगळंच ढकलू देऊ नका. "हातात होतं" मध्ये किमान एक ओळ हवीच.

क्रमांक आणि वेळ वेगवेगळे वाचायलाही इथेच शिकवा. टोकियो ऑलिंपिकमध्ये साबळेने प्राथमिक फेरीत ८ मिनिटं १८.१२ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला आणि तरीही तो अंतिम फेरीत पोहोचला नाही. पुढच्याच वर्षी, २०२२ मध्ये, बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तो सुवर्णापासून ०.०५ सेकंदाने दूर राहिला आणि रौप्य घेऊन परतला. पी. टी. उषाचं १९८४ चं ऑलिंपिक कांस्य ४०० मीटर हर्डल्समध्ये एका शतांश सेकंदाने हुकलं. दोन वर्षांनी सोलच्या आशियाई स्पर्धेत तिने चार सुवर्णपदकं जिंकली. हे दाखले पहिल्या दिवशी देऊ नका. दुखऱ्या मनाला ते उपदेशासारखे टोचतात. तिसऱ्या दिवशी तेच दाखले बळ देतात.

काही वेगळे प्रसंग

मूल जिंकलं तर. जिंकण्याची भावनाही तितकीच तीव्र असते, आणि तीही याच क्रमाने हाताळायची. चालणं, पाणी, खाऊ. आनंद मोकळेपणाने करू द्या, मात्र हरलेल्याच्या समोर नाचायचं नाही. काही मुलांना जिंकल्यावर दुसऱ्याच दिवशी रिकामं वाटतं किंवा "आता प्रत्येक वेळी जिंकावंच लागेल" अशी धास्ती बसते. त्यांच्यासाठीही तिसऱ्या दिवसाची वही उघडायची. जिंकलेल्या शर्यतीतही शिकण्यासारखं असतं, आणि वही उघडली की लक्ष पदकावरून पुन्हा धावण्यावर येतं.

शर्यत मध्येच सोडली तर. लाज सर्वांत जास्त इथे असते. "भित्रा" हा शब्द तोंडातून जाऊ देऊ नका. आधी दुखापत तपासा. तिसऱ्या दिवशी फक्त एवढं विचारा: "थांबायच्या आधीच्या मिनिटात शरीरात काय होत होतं, मनात काय होतं?" पुढची शर्यत शक्यतो लवकर आणि छोटी ठेवा, शाळेतली किंवा सरावातली, जिचा निकाल कुठेच लागत नाही.

दोन मैत्रिणी किंवा भावंडं एकाच शर्यतीत असतील तर. एक पुढच्या फेरीला गेली, दुसरी राहिली. दोघींना वेगवेगळी भेटणारी माणसं ठेवा. मागे राहिलेलीला मत्सर वाटणं आणि पुढे गेलेलीला अपराधी वाटणं, दोन्ही स्वाभाविक आहे. "तिच्यासाठी खूश हो" असं लगेच सांगू नका. एक-दोन दिवसांत बहुतेक जणी स्वतःहून बोलू लागतात.

तुमचा स्वतःचाच तोल जात असेल तर. पालकांचंही काळीज धडधडतं. आवाज चढतोय असं वाटलं तर मुलाजवळ जाऊच नका. मैदानाला एक फेरी मारा, पाणी प्या, आणि भेटणाऱ्या माणसाला त्याचं काम करू द्या. तुमची निराशा जोडीदाराशी, मित्राशी बोला. ती पेलणं हे मुलाचं काम नाही.

मदत कधी घ्यायची

बहुतेक मुलं दोन-चार दिवसांत पूर्ववत होतात. पुढीलपैकी काही दिसलं तर डॉक्टर किंवा समुपदेशकाकडे जायला उशीर करू नका:

- उदासी, चिडचिड किंवा झोपेचा बिघाड दोन आठवड्यांहून जास्त टिकला
- आवडत्या गोष्टींतूनही मन उडालं, मित्र तुटले, शाळा टाळणं सुरू झालं
- प्रत्येक शर्यतीआधी उलट्या, थरथर, किंवा सरावाच्या दिवशी वारंवार पोटदुखी
- वजन घटवण्यासाठी जेवण कमी केलं, किंवा मुलीची पाळी सलग तीन महिने आली नाही
- स्वतःला इजा केली, किंवा "माझा काही उपयोग नाही", "मी नसलो तर बरं" अशी भाषा

शेवटचा मुद्दा कधीही नाटक समजू नका. मुलाला एकटं सोडू नका, सरळ विचारा आणि त्याच दिवशी मदत घ्या. टेली-मानस ही सरकारची मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालते आणि तिथे मराठीतून बोलता येतं. मुलांना स्वतःला १०९८ या बालसहायता क्रमांकावरही फोन करता येतो. दोन्ही क्रमांक शर्यतीच्या वहीच्या आतल्या पानावर लिहून ठेवा.

कृती मुलाच्या हाती सोपवणं

बारा वर्षांच्या मुलासाठी या सगळ्या पायऱ्या मोठ्यांनी करायच्या. चौदाव्या वर्षी पाणी, खाऊ आणि लांब श्वास त्याचे त्याने करावेत, बाकी तुम्ही. सोळाव्या वर्षी वही पूर्णपणे त्याची: तो लिहील, आणि दाखवावीशी वाटली तरच तुम्हाला दाखवेल. अठराव्या वर्षी तो बाहेरगावच्या स्पर्धेला एकटा जाईल, पराभव झाला तर चालेल, पाणी पिईल, रडावंसं वाटलं तर रडेल, प्रतिस्पर्ध्याला हात देईल आणि तिसऱ्या दिवशी स्वतःचे आकडे स्वतः तपासेल. प्रत्येक हंगामाच्या सुरुवातीला यादी घेऊन मुलासोबत बसा आणि विचारा, "यंदा यातल्या कोणत्या पायऱ्या तू घेतोस?" त्याने निवडलेल्या पायऱ्यांपुढे त्याचं नाव लिहा, आणि मैदानावर त्या पायरीची वेळ आली की आपला हात मागे घ्या.